दोन स्ट्रोकचे इंजिन उलटे फिरते तेव्हा

विजेच्या मोटारीची दिशा पाहिल्याखेरीज जाणता शेतकरी विहिरीवरील पंप चालू ठेवीत नाही. तीन फेजांपैकी दोन तारांची अदलाबदल झाली, तर मोटार उलटी फिरते, पंप घरघरतो आणि पाटात पाणी मात्र नावापुरतेच येते. अशा वेळी दोष पंपाचा नसून दिशेचा आहे, हे ज्ञान आता खेडोपाडी सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. परंतु पाठीवर घेऊन फवारणी करावयाच्या यंत्रावर, गवत कापण्याच्या यंत्रावर किंवा लहान पाणी-पंपावर बसविलेले दोन स्ट्रोकचे पेट्रोल इंजिनही उलटे फिरू शकते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांपैकी काहीजण तिला गंमत समजतात, व काहीजण तर तो इंजिनाचा एक जादा गुण मानतात. आमच्या मते ती गंमत नव्हे. आणि आपल्या वापरातील यंत्रांपुरते बोलावयाचे तर तो गुणही नव्हे. यंत्र हाती देताना त्याच्या फिरण्याची दिशा शिकविणे हा प्रात्यक्षिकाचा पहिला धडा असला पाहिजे. आज तो बहुधा शेवटचाही नसतो.

दोन स्ट्रोकच्या इंजिनाला दिशेचे ज्ञान का नसते, हे समजण्यासाठी त्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. चार स्ट्रोकच्या इंजिनात हवा आत घेण्याचे व धूर बाहेर टाकण्याचे काम झडपा करतात आणि त्या झडपा ठरलेल्या क्रमाने उघडण्यासाठी कॅमशाफ्ट नावाचा वेगळा दांडा असतो. लहान दोन स्ट्रोकच्या पेट्रोल इंजिनात हा संसार नसतो. त्याच्या सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या पाडलेल्या असतात. कारागीर त्यांना पोर्ट म्हणतात. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली सरकताना आपल्या कडांनी या खिडक्या उघडतो व झाकतो. दट्ट्या वर जाऊ लागला की त्याच्या खालच्या बाजूस क्रँककेसमध्ये पोकळी निर्माण होते व कार्ब्युरेटरमधून पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण तेथे ओढले जाते. त्याच वेळी वरच्या बाजूस आधीचे मिश्रण दाबले जात असते. ठिणगी पडली की स्फोटाने दट्ट्या खाली ढकलला जातो. खाली जाताना तो प्रथम धुराची खिडकी उघडतो, मग क्रँककेसमधील ताज्या मिश्रणाची. धूर निघून जातो, मिश्रण वर येते, आणि दट्ट्या पुन्हा वर निघतो. एवढ्यात क्रँकचा एक फेरा पुरा होतो.

आता लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, दट्ट्या ज्या उंचीवर एखादी खिडकी खाली जाताना उघडतो, नेमक्या त्याच उंचीवर तो ती वर येताना झाकतो. क्रँक उजवीकडे फिरो वा डावीकडे, दट्ट्याचा प्रवास तोच राहतो, खिडक्यांचा क्रमही तोच राहतो. रहाट कोणत्याही बाजूने फिरविला तरी पोहरा वरखालीच होतो, तसाच हा प्रकार आहे. दिशेचा फरक पडतो तो केवळ ठिणगीच्या वेळेत. काही इंजिनांत मिश्रण आत घेण्याचा मार्ग दट्ट्याने न उघडता फिरत्या चकतीने उघडतो. अशी इंजिने उलट दिशेने चालतच नाहीत, किंवा चाललीच तर कुथत चालतात. पातळ पत्र्याची जीभ असलेली, म्हणजे रीड व्हॉल्व्हची इंजिने मात्र दोन्ही दिशांना सारखाच श्वास घेतात. अनेक नव्या यंत्रांतील इलेक्ट्रॉनिक ज्वलनव्यवस्था उलट्या फेऱ्यात ठिणगी नीट पाडीत नाही, त्यामुळे ती इंजिने उलट चालू राहण्याचा संभव कमी. तरीही सुरू होताना उलटा झटका देण्यापासून ती सर्वस्वी मुक्त आहेत असे समजू नये.

हा उलटा झटकाच या विषयाचे मूळ होय. ठिणगी पडल्याबरोबर सर्व मिश्रण एका क्षणात जळत नाही. त्याला थोडा अवधी लागतो. म्हणून दट्ट्या अगदी वरच्या टोकाला पोचण्यापूर्वीच, क्रँकच्या फेऱ्याच्या हिशेबाने सुमारे २० ते ३० अंश आधी, ठिणगी पाडण्याची योजना असते. इंजिन वेगात असताना फ्लायव्हीलचा जोर दट्ट्याला ते टोक ओलांडून नेतो आणि स्फोटाचा पुरा दाब योग्य वेळी मिळतो. परंतु दोरी अर्धवट जोराने ओढली, ओढता ओढता हात अडखळला किंवा कंटाळलेल्या माणसाने नुसतीच हिसका दिल्यासारखी ओढली, तर फ्लायव्हीलमध्ये तेवढा जोर भरलेला नसतो. दट्ट्या टोकाच्या अलीकडेच असतो, ठिणगी पडते, आणि स्फोट त्याला पुढे जाऊ न देता आल्या वाटेने परत लोटतो. हाच उलटा झटका. सुरू होण्याच्या दोरीत जी खीळ असते तिची घडण अशी असते की, इंजिन पुढे पळू लागले की ती सुटते. पण फ्लायव्हील मागे फिरले की ती घट्ट अडकते व दोरी, मुठीसह, आत खेचली जाते. ज्या यंत्रावर दोरी हाताने गुंडाळावयाची उघडी कप्पी असते, तेथे खीळही नसते. अशा वेळी दोरीचे टोक माणसाने मनगटाला वेढले असेल तर काय होईल, हे सांगावयास नको.

हाताने हँडल मारून इंजिन सुरू करण्याच्या काळात या झटक्याने किती मनगटे मोडली असतील याची गणती नाही. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट प्रकारच्या मोडीला वैद्यकशास्त्रात आजही शोफर फ्रॅक्चर असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारगाड्यांचे चालक हँडल मारीत, इंजिन उलट झटका देई आणि हाड मोडे, त्यावरून हे नाव पडले. १९१२ च्या नमुन्याच्या कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर आला आणि पुढे हळूहळू सर्वच मोटारी या संकटातून सुटल्या. शेतातील लहान इंजिन मात्र शंभर वर्षांनंतरही बहुतांशी माणसाच्या हातानेच सुरू होते. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीभोवती वळवू नये, हा त्या काळच्या चालकांचा नियम आमच्या डिझेल पंपांवर अजूनही तितकाच लागू आहे. चार स्ट्रोकचे हँडलचे डिझेल इंजिनही क्वचित उलटे चालू लागते, हे येथे जाता जाता सांगितले पाहिजे. तसे झाले की ते सायलेन्सरमधून हवा ओढते आणि एअर क्लीनरमधून धूर सोडते. एअर क्लीनरमधून धूर येताना दिसला की विचार करीत न बसता इंधन बंद करावे, हाच त्यावरील इलाज.

झटक्यानंतर पुष्कळदा इंजिन थांबते. परंतु कधीकधी उलट दिशेचा तो फेरा पुरा होतो, पुढची ठिणगी पडते, आणि इंजिन उलटेच चालू लागते. कानाला ते चालू असल्याचे कळते आणि म्हणून माणूस निश्चिंत होतो. खरे नुकसान येथून सुरू होते.

पहिला परिणाम शक्तीवर. सरळ फेऱ्यात जी ठिणगी टोकाच्या २५ अंश आधी पडत होती, तीच उलट फेऱ्यात टोक ओलांडल्यावर २५ अंशांनी पडते. दट्ट्या खाली निघाल्यानंतर आग लागते. जळण्याचे काम चालू असतानाच धुराची खिडकी उघडते, आणि जी उष्णता दट्ट्याला ढकलण्याच्या कामी यावयाची ती सायलेन्सरच्या वाटेने वाया जाते. इंजिन मंद होते, गती वाढवू गेल्यास वाढत नाही, पेट्रोल मात्र खाते. सायलेन्सर नेहमीपेक्षा अधिक तापतो. पाठीवरच्या यंत्रात हा सायलेन्सर माणसाच्या पाठीपासून वीतभर अंतरावर असतो आणि त्याच्या शेजारीच पेट्रोलची टाकी असते, हे विसरून चालणार नाही.

दुसरा परिणाम थंड राहण्याच्या व्यवस्थेवर. या इंजिनांना पाणी नसते. फ्लायव्हीलवरच्या पात्यांनी ढकललेल्या वाऱ्यावरच त्यांचा सिलिंडर थंड राहतो. या पात्यांची वळणे एकाच दिशेच्या फिरण्यासाठी केलेली असतात. असा पंखा उलटा फिरविला तर वारा उलट दिशेने वाहत नाही. तो जातो त्याच वाटेने, पण पुष्कळच कमी जातो. म्हणजे एकीकडे उष्णता अधिक व दुसरीकडे वारा कमी, असा दुहेरी प्रसंग येतो. दट्ट्याचा बाजूस पडणारा दाबही भिंतीच्या ज्या बाजूवर रोज पडतो तीवर न पडता समोरच्या बाजूवर पडू लागतो. तासभर असे इंजिन चालविल्यावर दट्ट्या सिलिंडरला धरला, तर आश्चर्य वाटावयास नको.

वंगणाबाबत मात्र या लहान इंजिनांचे दैव बरे आहे. पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असल्याने दिशा कोणतीही असो, क्रँकच्या बेअरिंगला व दट्ट्याला तेल पोचतच राहते. उलटे चाललेले इंजिन लगेच मोडत नाही याचे कारण हेच. आणि आपल्या मते याच कारणाने लोक या दोषाकडे दुर्लक्ष करतात. जे ताबडतोब मोडत नाही ते बिघडलेच नाही, अशी समजूत करून घेणे सोपे असते.

यापेक्षा महत्त्वाचा परिणाम इंजिनावर नव्हे, तर इंजिनाला जोडलेल्या अवजारावर होतो. वाऱ्याच्या झोताने फवारणी करणाऱ्या यंत्राचे उदाहरण घ्यावे. त्यात साधारणपणे ३५ ते ४५ घनसेंटिमीटरचे इंजिन एक मोठा पंखा फिरविते. औषधाच्या थेंबांचे धुके होते ते त्या पंख्याच्या वाऱ्याने. ते पिकाच्या आतपर्यंत पोचते तेही त्याच वाऱ्याने. आणि पुष्कळ यंत्रांत टाकीतील औषध नळीकडे लोटण्यासाठीही त्याच वाऱ्याचा थोडा भाग वापरलेला असतो. पंखा उलटा फिरला की वारा घटतो, थेंब जाड होतात, झोत जवळच पडतो. पानाच्या खालच्या बाजूला बसलेल्या किडीला औषध लागत नाही आणि फवारणाऱ्याच्या पायांवर मात्र ते ठिबकत राहते. मग औषध पातळ झाले असा समज होतो, मात्रा वाढविली जाते, दुसरी फवारणी लवकर घेतली जाते. यंत्राची दिशा चुकलेली असते आणि शिक्षा शेतकऱ्याच्या खिशाला व मजुराच्या अंगाला होते.

फवारणी म्हणजे विषाशी व्यवहार आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेचा संबंध उलट्या फिरणाऱ्या इंजिनाशी जोडणे खोटेपणाचे होईल. तिची कारणे वेगळी व अनेक होती. परंतु फवारणीच्या यंत्रातील कोणताही दोष किरकोळ म्हणून सोडून देण्याचे दिवस त्या वर्षानंतर राहिले नाहीत, असे आम्हास वाटते.

इतर अवजारांचा हिशेब थोडक्यात सांगता येईल. लहान पाणी-पंपाचा पंखा पुष्कळदा इंजिनाच्या दांड्यावर आट्यांनी बसविलेला असतो. सरळ फेऱ्यात तो घट्ट होत जातो, उलट फेऱ्यात सुटून पंपाच्या अंगावर घासतो. गवत कापण्याच्या यंत्राच्या पात्यावर डाव्या आट्यांचा नट असतो, तो याच हिशेबाने. फिरता फिरता पाते त्याला घट्ट करते. दिशा बदलली तर तेच पाते त्याला सैल करू पाहते, आणि सैल झालेले पोलादी पाते कोठे जाईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. साखळी करवतीचे दात उलट्या दिशेने लाकूड कापीत नाहीत, नुसते घासतात. कडबा कुट्टीच्या सुऱ्यांची पाठ कडब्यावर आपटते. फक्त दांड्याने वरखाली होणाऱ्या दट्ट्याच्या फवारणी पंपांत पाणी किंवा औषध पूर्ववत येत राहते, कारण त्यांच्या झडपा आपोआप उघडमीट करतात. तेथे उलट दिशा कळून येण्यास आणखीच वेळ लागतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, व तो अगदीच निराधार नाही. दोन स्ट्रोकचे इंजिन उलटे चालविणे इतके घातक असते तर जगातील नामांकित कारखान्यांनी मुद्दाम तशी इंजिने का केली, असे कोणी विचारील. केली, हे खरे आहे. जर्मनीतील मानहाइम येथील हाइनरिश लान्झ यांच्या कारखान्याने १९२१ साली बुलडॉग नावाचा ट्रॅक्टर बाजारात आणला. फ्रिट्झ हूबर हे त्याचे रचनाकार. १२ अश्वशक्तीचे, एकाच आडव्या सिलिंडरचे, सुमारे सव्वासहा लिटर घनफळाचे ते दोन स्ट्रोकचे इंजिन होते. त्यात ठिणगी नव्हती, सिलिंडरच्या डोक्यावरील एक गोलक दिव्याने लाल तापवीत व त्याच्या उष्णतेवर जाडे तेल पेट घेई. या पहिल्या बुलडॉगला मागे जाण्याचा गिअरच नव्हता. ट्रॅक्टर मागे न्यावयाचा तर चालक इंजिनाचा वेग इतका कमी करी की जड फ्लायव्हील टोकाशी येऊन थबके व मागे झुलू लागे. नेमक्या त्या क्षणी तेल दिले की इंजिन उलट दिशेने पेट घेई, आणि ट्रॅक्टर मागे चालू लागे. ही करामत साधण्यास हात तयार लागत असे. पुढील मोठ्या बुलडॉगांना मागे जाण्याचा स्वतंत्र गिअर देण्यात आला. तरीही त्यांची इंजिने मंद चालताना आपोआप दिशा बदलीत; तेव्हा गिअर टाकण्यापूर्वी फ्लायव्हील कोणत्या बाजूने फिरत आहे हे पाहण्याची सवय चालकाला लावून घ्यावी लागे. न पाहता पुढचा गिअर टाकणारा चालक मागच्या भिंतीवर जाई.

तीच युक्ती जर्मनीतच १९५५ पासून बनलेल्या मेसरश्मिट केआर २०० या तीन चाकांच्या छोट्या मोटारीत वापरली गेली. तिचे १९१ घनसेंटिमीटरचे दोन स्ट्रोकचे इंजिन थांबवून, किल्ली अधिक दाबून फिरविली की ते उलट दिशेने सुरू होई. त्यामुळे गाडीला पुढचे चार व मागचेही चार गिअर मिळत. कॅनडातील बर्फावरून धावणाऱ्या स्की-डू गाड्यांत गेल्या शतकाच्या अखेरीपासून हेच काम इलेक्ट्रॉनिक व्यवस्था करते. चालकाने कळ दाबली की इंजिनाचा वेग उतरविला जातो, मग ठिणगी मुद्दाम फार आधी पाडून दट्ट्याला परतविले जाते. म्हणजे ज्या उलट्या झटक्याने आपल्याकडे हात दुखावतो, तोच झटका तेथे मोजूनमापून कामाला लावला आहे. आणि न्हावाशेवा बंदरात येणाऱ्या प्रचंड मालवाहू जहाजांपैकी बहुतेकांची मुख्य इंजिने मंदगतीची दोन स्ट्रोकचीच असतात. त्यांचा दांडा सरळ पंख्याला जोडलेला असल्याने जहाज मागे घेण्यासाठी इंजिन थांबवून, इंधनाची वेळ बदलून, दाबलेल्या हवेने उलट दिशेने सुरू करतात.

पण या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, आणि आक्षेप घेणारे नेमकी तीच विसरतात. तेथे उलट फेरा हा योजनेचा भाग आहे. मेसरश्मिटमध्ये उलट फेऱ्यासाठी ठिणगीची वेगळी व्यवस्था होती, म्हणून ठिणगी दोन्ही दिशांना वेळेवर पडे. जहाजात वंगणाचे पंप मुख्य इंजिनावर अवलंबून नसून विजेच्या स्वतंत्र मोटारींवर चालतात. इंजिन कसेही फिरले तरी तेल वाहत राहते. जेथे अशी योजना नाही तेथे काय होते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या ७१ मालिकेच्या इंजिनांकडे पाहावे. १९३८ साली निघालेली ही दोन स्ट्रोकची डिझेल इंजिने मालमोटारी, बसगाड्या आणि ऑलिव्हर सुपर ९९ सारख्या काही ट्रॅक्टरांतही बसविली गेली. त्यांना हवा भरण्यासाठी इंजिनावरच चालणारा ब्लोअर असतो. चढावर गाडी बंद पडली आणि पुढच्या गिअरमध्येच मागे घसरू लागली, तर ही इंजिने उलट दिशेने चालू होऊ शकत. मग ब्लोअर उलटा फिरून सायलेन्सरच्या वाटेने हवा ओढी व एअर क्लीनरमधून धूर आणि तेल बाहेर फेकी. त्याहून वाईट म्हणजे तेलाचा पंपही उलटा फिरे, तेलाचा दाब नाहीसा होई, आणि थोड्याच वेळात बेअरिंगे जळत. एकच तत्त्व, एके ठिकाणी सोय आणि दुसरीकडे सत्यानाश.

म्हणून आपल्याकडील काही हौशी कारागीर जेव्हा ठिणगीची वेळ बदलून किंवा दोरी उलट गुंडाळून एखादे इंजिन मुद्दाम उलटे चालवितात आणि त्यावर मागे जाणारी गाडी वा उलट फिरणारे चाक करून दाखवितात, तेव्हा त्यांच्या हुशारीचे कौतुक करावे, पण त्यांचे अनुकरण करू नये. पंखा, नट, पंप व अवजार ही सर्व जोपर्यंत एकाच दिशेसाठी घडलेली आहेत, तोपर्यंत एकट्या इंजिनाला दुसरी दिशा शिकविण्यात काही हशील नाही. उलट फिरण्याची गरजच असेल तर पट्टा तिढा देऊन चढवावा किंवा गिअरची पेटी बसवावी. आपल्या गावच्या लोहाराला व सुताराला हे शिकवावे लागणार नाही.

आमचा खरा रोख मात्र कारागिरांवर नाही. तो यंत्रे विकणाऱ्यांवर व वाटणाऱ्यांवर आहे, आणि त्यात विस्तारकार्य करणारे आम्ही सर्वजण आलो. आज ही यंत्रे अनुदानावर मिळतात, भाड्याने अवजारे देणाऱ्या केंद्रांतून मिळतात. यंत्राचा मालक एक, भाड्याने घेणारा दुसरा, आणि ते पाठीवर बांधून दोरी ओढणारा मजूर तिसरा, अशी स्थिती सर्रास असते. माहितीचे पुस्तक पहिल्याच्या कपाटात राहते, आणि ते पुष्कळदा मराठीत नसतेच. झटका बसतो तो तिसऱ्याच्या मनगटाला. यासाठी यंत्राच्या अंगावरच, दोरीच्या कप्पीशेजारी, दिशा दाखविणारा बाण ठळक रंगात असावा व त्याखाली मराठीत दोन ओळी असाव्यात, असा आग्रह प्रत्येक खरेदीच्या वेळी धरला गेला पाहिजे. जे यंत्र असे येत नाही, त्यावर गावपातळीवरील कार्यकर्त्याने स्वतः बाण रंगवावा. त्याला लागणारा रंग घराच्या चौकटीला लावून उरलेल्या डब्यातही सापडेल.

प्रात्यक्षिकात काय दाखवावे? प्रथम, इंजिन सुरू करण्यापूर्वी यंत्र जमिनीवर स्थिर ठेवून एका हाताने दाबून धरणे. मग दोरी हळू ओढून, दाब लागेपर्यंत दट्ट्या आणणे, दोरी परत जाऊ देणे आणि नंतर एका दमात, पुरी, सरळ ओढणे. दोरी हाताला किंवा मनगटाला कधीही वेढू नये. मूठ नुसती धरावी, म्हणजे झटका आल्यास ती सुटून जाईल. दोन-चार ओढींत इंजिन सुरू झाले नाही तर जोर करीत राहण्याऐवजी प्लग काढून पाहावा. एखादे इंजिन वारंवार झटके देऊ लागले तर दोष ओढणाऱ्याच्या हातात नसून ठिणगीच्या वेळेत आहे असे समजावे. फ्लायव्हीलला क्रँकवर बसविणारी लहान चावी झिजली वा अर्धी तुटली असेल, किंवा जुन्या यंत्रात पॉइंटमधील फट वाढली असेल, तर ठिणगी आधी पडू लागते व झटके येतात. असे यंत्र दुरुस्त होईपर्यंत कोणाच्याही पाठीवर चढवू नये.

इंजिन उलटे चालू आहे हे ओळखण्याच्या खुणाही शिकविता येतात. गती वाढवूनही आवाज चढत नाही, झोताच्या टोकाशी हाताला वारा मंद लागतो, सायलेन्सरची धग लवकर जाणवते. संशय आल्यास औषधाची तोटी बंद करून इंजिन बंद करावे आणि ते थांबता थांबता कप्पीचे किंवा जाळीतून दिसणाऱ्या पंख्याचे शेवटचे दोन-चार फेरे पाहावेत. वेगात असताना दिशा डोळ्यांना कळत नाही, थांबताना मात्र स्पष्ट दिसते. चालत्या यंत्रात काडी घालून दिशा पाहण्याचा उद्योग कोणीही करू नये. फेरे बाणाच्या उलट दिसले तर इंजिन थंड होऊ द्यावे, अवजाराचे नट व पाते घट्ट आहे की नाही ते तपासावे, आणि मगच पुन्हा दोरीला हात घालावा.

खरिपाच्या फवारण्या सुरू होण्यापूर्वी भाड्याच्या केंद्रांतील व गटांकडील यंत्रे एकदा ओळीने मांडून, प्रत्येकावर बाण आहे का आणि दोरीची खीळ शाबूत आहे का, एवढे पाहण्यास एका गावाला एक सकाळ पुरते. ज्यांची दोरी तुटली म्हणून फ्लायव्हीलच्या बोथावर सुतळी गुंडाळून ती चालविली जात आहेत, ती यंत्रे त्याच दिवशी वेगळी काढावीत.